परदेश सहलीचं चलन : ठाणे-नवी मुंबईकर नेहमी विचारतात ते प्रश्न

मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी तोंडावर आली की ठाण्यातल्या कुठल्याही मनी चेंजरच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "डॉलर कितीला?" या धंद्यात बरीच वर्षं काढल्यामुळे सांगतो, नुसत्या त्या उत्तरावरून स्वस्त-महाग काहीच कळत नाही. खालची माहिती सहलीला जाणाऱ्यांसाठी आहे. शिक्षणासाठी किंवा उपचारांसाठी पैसे पाठवायचे असतील तर नियम वेगळे लागतात. उदाहरणांतले भाव हिशेब समजावा म्हणून घेतलेत, ते आजचे भाव नाहीत.

गुगलवर एक भाव दिसतो आणि काउंटरवर दुसरा. लुटतात का हे लोक?

गुगलवर दिसतो तो बँकांचा आपापसातला घाऊक भाव. त्या भावाने तुम्हाला-मला कोणी नोटा देत नाही. नोटा आणायच्या, त्यांचा विमा उतरवायचा, गल्ल्यात पडून ठेवायच्या, या सगळ्याचा खर्च किरकोळ भावात येतो. शिवाय प्रत्येक चलनाला दोन भाव असतात, एक ते तुम्हाला विकतात तो आणि दुसरा ते तुमच्याकडून घेतात तो. फोनवर "नव्वद" ऐकून खूश होऊ नका, विकायचा भाव सांगितलाय ना, ते आधी विचारा.

घाऊक भाव पाहायचा असेल तर एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था कामाच्या दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भ दर जाहीर करते. माझं मत म्हणाल तर डॉलरच्या नोटांवर घाऊक भावाच्या वर एक टक्का ठीक, दोन टक्के झाले की घासाघीस करायची, तीन टक्के सांगितले तर नमस्कार करून बाहेर पडायचं. थायलंडचा बाहत, मलेशियाचा रिंगिट, चेक कोरुना असल्या कमी खपाच्या चलनांत हा फरक जास्तच असतो, तिथे डॉलरचं माप लावू नका.

मग दोन दुकानांची तुलना कशी करायची?

एकच वाक्य पाठ करा, "इतके डॉलर माझ्या हातात पडायला सगळं धरून मला किती रुपये द्यावे लागतील?" भाव, सर्व्हिस चार्ज, जीएसटी, घरपोच आणून देण्याचे पैसे, सगळं त्या एका आकड्यात यायला हवं. समोरचा आढेवेढे घ्यायला लागला की पुढचं दुकान गाठा.

समजा नौपाड्यातलं एक दुकान ९१.२० भाव सांगतं आणि वर काही घेत नाही. वाशीतलं दुसरं ९०.६० सांगतं, पण ३०० रुपये सर्व्हिस चार्ज आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये लावतं. तुम्हाला ५०० डॉलर हवे असतील तर पहिल्याकडे ४५,६०० आणि दुसऱ्याकडे ४५,६५४ रुपये होतात. भाव साठ पैशांनी कमी असूनही वाशीचं दुकान महाग पडलं. आता १,५०० डॉलर घ्या. पहिल्याकडे १,३६,८०० आणि दुसऱ्याकडे १,३६,२५४, म्हणजे वाशी साडेपाचशेने स्वस्त. साधारण ६०० डॉलरच्या आसपास पारडं फिरतं. चलन बदलण्यावरचा जीएसटी दोन्हीकडे जवळपास सारखाच, म्हणून तो इथे धरला नाही.

हा जीएसटी नेमका किती?

सगळ्या रकमेवर १८ टक्के लागतो ही समजूत चुकीची आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का, पण कमीत कमी २५० रुपये, हे करपात्र मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. म्हणून पंचवीस हजारांपर्यंत ४५ रुपये आणि पूर्ण एक लाखावर १८० रुपये होतात. एक ते दहा लाखांत करपात्र मूल्य हजार रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. दोन लाखांचं चलन घेतलं तर कर २७० रुपये. बिलावर याहून (आणि सर्व्हिस चार्जवरच्या जीएसटीहून) जास्त दिसलं तर ती रक्कम कर नसून दुकानाने लावलेलं शुल्क आहे, आणि शुल्कावर बोलणी करता येतात.

ठाण्यात घ्यावं, वाशीला जावं की फोर्ट गाठावं?

फोर्टला भाव चांगला मिळतो हा समज जुना आहे, आणि एके काळी तो खराही होता. आता नौपाडा-गोखले रोडचा पट्टा, घोडबंदर रोडवरची दुकानं, वाशीचं सेक्टर १७ एवढ्यातच पुरेशी स्पर्धा आहे. हजारभर डॉलरसाठी लोकलची गर्दी आणि अर्धा दिवस घालवून हाती शे-दोनशे रुपये लागतात. पाच-सहा जणांचं कुटुंब एकत्र घेणार असेल तर मात्र फोर्टला एक फोन करून बघायला हरकत नाही.

फोन एका बैठकीत तीन ठिकाणी करा. सकाळी एकाला आणि संध्याकाळी दुसऱ्याला विचारलं तर तुलना दुकानांची न होता बाजाराची होते. पहिल्याचा भाव दुसऱ्याला सांगायला लाजू नका, या धंद्यात पाच-दहा पैसे सोडायची तयारी बहुतेकांची असते, तुम्ही मागत नाही म्हणून ते देत नाहीत. शनिवार-रविवारी घाऊक बाजार बंद असतो. सोमवारी भाव कुठे उघडेल याचा भरवसा नसल्यामुळे दुकानदार थोडं हातचं राखून भाव सांगतो. सोमवार ते शुक्रवार दुपारच्या आत घ्यावं.

दुकानाला रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे ना, तेवढं पाहून घ्या. परवाना भिंतीवर लावलेला असतो आणि परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तुमची नेहमीची बँक इथे आपोआप स्वस्त पडत नाही. बँकेत छापील दर असतो आणि शाखेतल्या माणसाच्या हातात सूट देण्याचा अधिकार फारसा नसतो.

घरपोच मागवणं सुरक्षित आहे का?

परवानाधारकाकडून मागवलं तर आहे. माणूस दारात असतानाच नोटा एकेक करून मोजा, बिलावर तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि भाव तपासा, मगच सही करा. पैसे प्रवाशाच्या स्वतःच्या खात्यातून गेलेले बरे. शेजाऱ्याच्या किंवा मित्राच्या खात्यातून पाठवले तर व्यवहार अडतो.

विमानतळावर घेतलं तर?

नका घेऊ. आत शिरलेल्या माणसाला दुसरं दुकान नसतं आणि भाव त्या हिशेबानेच लावलेला असतो. अगदीच राहून गेलं असेल तर उतरल्यावर टॅक्सीपुरते पैसे परदेशातल्या एटीएममधून काढा.

रोख, फॉरेक्स कार्ड की क्रेडिट कार्ड?

तिन्ही, पण प्रत्येकाचं काम वेगळं.

क्रेडिट कार्डाचं आधी बोलू, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग असे दोन्ही पर्याय त्यातच आहेत. व्हिसा-मास्टरकार्ड ज्या दराने चलन बदलतात तो घाऊक भावाच्या बराच जवळ असतो. त्यावर तुमची बँक मार्कअप, म्हणजे वरचे काही टक्के, लावते. बऱ्याच साध्या कार्डांवर तो साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. पन्नास हजारांच्या खरेदीवर २,०६५ रुपये असेच गेले. पण काही कार्डांवर मार्कअप दोन टक्के असतो आणि काहींवर शून्य. शून्य मार्कअपचं कार्ड हाती असेल तर दुकानं, हॉटेल, तिकिटं यांसाठी त्याहून स्वस्त काही नाही. बँकेच्या संकेतस्थळावर तुमच्या कार्डाच्या नावाचं शुल्कपत्रक उघडून "परकीय चलन मार्कअप" ही ओळ स्वतः वाचा. कॉल सेंटरवरच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. वार्षिक फी भरून शून्य मार्कअपचं कार्ड घ्यायचं की नाही हे तुमच्या फिरण्यावर आहे. तीन वर्षांतून एकदा दुबईला जाणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये.

क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र कधीही काढू नका. काढल्याच्या दिवसापासून व्याज सुरू होतं, वर रोख काढण्याचं शुल्क वेगळं.

फॉरेक्स कार्ड म्हणजे निघण्याआधी परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड. त्याचा फायदा असा की भाव भरण्याच्या दिवशी पक्का होतो आणि कार्ड हरवलं तरी घरचं बचत खातं उघडं पडत नाही. ज्येष्ठांना आणि मुलांना द्यायला ते चांगलं. तोटा तेव्हा होतो जेव्हा कार्डात डॉलर असतात आणि तुम्ही खर्च बाहतमध्ये करता. मग चलन दुसऱ्यांदा बदलतं आणि त्यावर दोन-साडेतीन टक्क्यांचं क्रॉस करन्सी शुल्क लागतं. ज्या देशात जाताय तेच चलन कार्डात भरता येत असेल तरच त्याला अर्थ आहे. कार्ड देतानाचं शुल्क, प्रत्येक भरण्याचं शुल्क, एटीएमचं शुल्क आणि बरेच महिने न वापरल्यास कापली जाणारी रक्कम, या चार गोष्टी लेखी मागा.

हॉटेलच्या आणि भाड्याच्या गाडीच्या अनामतीसाठी फॉरेक्स कार्ड पुढे करू नका. अनामत म्हणून अडकवलेले पैसे सुटायला कितीतरी दिवस लागू शकतात आणि तोवर सहल संपलेली असते. तिथे क्रेडिट कार्डच द्यावं, त्यात फक्त मर्यादा अडकते.

रोख लागते ती चहा-पाणी, टिप, रस्त्यावरचं खाणं आणि छोट्या बाजारांसाठी. सिंगापूर-लंडनला अगदी थोडी पुरते, व्हिएतनाम-बालीला जास्त, जपानमध्ये अजूनही बऱ्यापैकी.

निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर सुरू करा. २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो. भारतातलं सिम ओटीपीसाठी रोमिंगवर जिवंत ठेवा.

दुकानातलं मशीन विचारतं, रुपयांत पैसे कापू की युरोत? काय सांगायचं?

युरोत. डोळे झाकून तिथलं चलन.

सहलीत सर्वांत जास्त पैसे इथे गळतात आणि लोकांना पत्ताही लागत नाही. पॅरिसच्या दुकानात मशीन तुमच्या हातात येतं. पडद्यावर वर मोठ्या अक्षरांत रुपयांचा आकडा असतो, शेजारी हिरवं बटण, खाली बारीक अक्षरांत युरो. मागे रांग उभी असते. ओळखीचे रुपये दिसले की आपलं बोट हिरव्या बटणाकडे जातं, आणि तिथल्या बँकेने स्वतःच्या मर्जीने ठरवलेल्या भावाला आपण होकार दिलेला असतो. तो भाव घाऊक भावापेक्षा पाच टक्के, कधी त्याहूनही महाग असतो. गंमत अशी की रुपयांत पैसे कापले तरी बऱ्याच भारतीय बँका परदेशी व्यापाऱ्याचा व्यवहार म्हणून आपलं वेगळं शुल्क लावतातच. शून्य मार्कअपच्या कार्डाचा सगळा फायदा त्या एका बटणात जातो.

कधी कधी हॉटेलचा माणूस तुम्हाला न विचारताच रुपये निवडून पावती पुढे करतो. पावतीवर रुपयांचा आकडा दिसला तर सही करू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे "रूपांतर नको" असं बटण असतं. ते दाबलं तर पैसे मिळणार नाहीत अशी भीती वाटते, पण मिळतात. परदेशी संकेतस्थळांवर तिकिटं काढतानाही तेच, शेवटच्या पानावर चलन तपासा.

तिकडच्या एटीएममधून पैसे काढणं महाग पडतं का?

थोडे थोडे काढले तर पडतं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाहतच्या आसपास शुल्क तिथली बँक घेते, तुमच्या बँकेचं वेगळं. दोन हजार बाहत काढून २२० देणं म्हणजे अकरा टक्के गेले. काढायचेच तर एकदाच मोठी रक्कम काढा. शुल्काचा आकडा पडद्यावर आधी दिसतो, तो वाचूनच पुढे जा.

थायलंड, व्हिएतनाम, बालीसाठी डॉलर घेऊ की इथूनच तिथलं चलन?

बहुतेक वेळा डॉलर. दोनदा चलन बदलण्याचा तोटा होतो हे खरं, पण बाहतचा आणि इंडोनेशियाच्या रुपियाचा इथला भाव इतका चढा असतो की तो तोटा भरून निघतो. पडताळा सोपा आहे. ठाण्यात डॉलर ९१ ला पडला आणि बँकॉकमध्ये एका डॉलरला ३१.८ बाहत मिळाले तर एक बाहत २.८६ रुपयांना पडला. ठाण्यातला दुकानदार बाहत थेट २.९८ ला देत असेल तर डॉलरच न्या. तो २.८५ म्हणाला तर बाहत घ्या आणि मोकळे व्हा. तिथले भाव तिथल्या चेंजरच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात.

डॉलर नेताना शंभराच्या नोटा न्या. थायलंडमध्ये आणि आजूबाजूच्या देशांत छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. उतरल्या उतरल्या सगळे बदलू नका. सुवर्णभूमी विमानतळावर सामानपट्ट्याजवळच्या काउंटरपेक्षा तळघरात, रेल्वेकडे जाताना लागणाऱ्या काउंटरांवर भाव बरा असतो. सिंगापूरला लिटल इंडियात, मुस्तफा सेंटरच्या परिसरात, चेंजर एकाला एक लागून आहेत, तिथे कोणीही फार चढा भाव लावू शकत नाही.

दुबईला?

दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. ठाण्यात दिरहम सहज मिळतो, खप मोठा असल्यामुळे भावही बरा असतो. थेट दिरहम घ्या.

युरोपच्या टूरला नुसते युरो पुरतात का?

फ्रान्स, इटली, जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्सला पुरतात. क्रोएशियातही १ जानेवारी २०२३ पासून युरोच आहे. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो. दुकानं युरो घेतात, पण मोड फ्रँकमध्ये देतात आणि भाव त्यांचा असतो. तिथे कार्ड वापरा, रोख फ्रँक जेमतेम घ्या. प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. यांच्या नोटा इथून नेण्याची गरज नाही, दोन्ही शहरांत कार्ड सर्रास चालतं. प्रागच्या जुन्या चौकात "कमिशन नाही" असा फलक लावलेल्या चेंजरांपासून जपून. कमिशन नसतं हे खरं, पण वसुली भावात होते.

पाचशे युरोची नोट कोणी देऊ केली तर घेऊ नका. ती वैध आहे, पण २०१९ पासून नव्याने दिली जात नाही आणि दुकानदार हात लावत नाहीत. पन्नास आणि वीसच्या नोटा मागा.

नेपाळ, भूतान?

डॉलरची गरजच नाही. भूतानचा नुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीने चालतो आणि नेपाळमध्ये १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभर आणि त्याखालच्या नोटांना अडचण येत नाही, मोठ्या नोटांचे नियम मात्र मधूनमधून बदलत आलेत. जांभळी नाक्यावरच्या व्यापाऱ्याकडून किंवा बँकेतून शंभराची दोन बंडलं करून घेतली की काम होतं.

यूपीआय चालतं का तिकडे?

भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स अशा काही देशांत ठरावीक दुकानांत चालतं. आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते २०२४ मध्ये सुरू झालं. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करावे लागतात, आणि पैसे कापण्यापूर्वी रुपयांतला आकडा दिसतो, तो बघूनच पिन टाका. सगळी भिस्त मात्र यावर ठेवू नका.

नोटा घेताना काय बघायचं?

डॉलर असतील तर शंभराची नवी, निळ्या पट्टीची नोट मागा, ती २०१३ पासूनची मालिका आहे. इंडोनेशियात तर नोटेबाबत फारच चिकित्सा होते. मधोमध घडी, कोपऱ्यावर पेनचा ठिपका, रबरी शिक्क्याची पुसट खूण, एवढ्यावरून नोट परत येते किंवा तिला कमी भाव मिळतो. काउंटरवरच प्रत्येक नोट उजेडात धरा आणि खराब असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. बाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही. नेतानाही पाकिटात दुमडू नका, सपाट पाकिटात किंवा पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा.

लंडनहून आलेल्या नातेवाइकांनी जुने पौंड दिलेत, नेऊ का?

कागदी असतील तर दुकानात चालणार नाहीत. वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या, पाच आणि दहाच्या त्याआधीच. आता नोटा प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या आहेत. तुमच्याकडच्या नोटा बँक ऑफ इंग्लंड अजून बदलून देते, म्हणजे लंडनला जाणारच असाल तर सोबत न्यायला हरकत नाही, पण पहिल्या दिवसाचा खर्च त्यावर काढायचा बेत नको. ठाण्यातला चेंजर त्या घेणार नाही.

किती चलन नेता येतं? कागद काय लागतात?

बहुतेक देशांसाठी एका सहलीला माणशी ३,००० डॉलरच्या किमतीची रोख, त्यापुढचं कार्डात. एका आर्थिक वर्षाची एकूण मर्यादा २,५०,००० डॉलर आहे, सहलीला जाणाऱ्याचा तिच्याशी संबंध येत नाही. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तिथे व्हिसा हे कागद घेऊन या. चलन प्रवासाच्या आधी साठ दिवसांच्या आतच घेता येतं. पन्नास हजार रुपयांपर्यंत रोख पैसे देता येतात, त्यावर चेक किंवा खात्यातून, आणि एका सहलीसाठीचे सगळे व्यवहार मिळून ही मर्यादा मोजतात. त्यामुळे चाळीस-चाळीस हजारांचे दोन रोखीचे व्यवहार करण्याची शक्कल चालत नाही. नेपाळ-भूतान सोडून इतर देशांत जाताना भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत सोबत ठेवता येतात, परत आल्यावर रिक्षाला लागतीलच.

टीसीएस (व्यवहाराच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ आयकर) कापला जाईल का?

चलनखरेदी आणि फॉरेक्स कार्ड मिळून एका व्यक्तीचे आर्थिक वर्षात दहा लाख रुपये ओलांडले तरच, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून सातवरून दहा लाख झाली. परदेशात स्वाइप केलेलं क्रेडिट कार्ड सध्या यात मोजत नाहीत. टूर पॅकेजचा टीसीएस वेगळा, त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत आलाय, तो पॅकेज घेताना विचारा. कापलेला टीसीएस बुडत नाही. २६एएस या आयकर खात्याच्या करजमा तक्त्यात दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. नोकरदारांनी कंपनीला कळवलं तर पगारातल्या टीडीएसमध्येही धरला जातो.

टूरवाला म्हणतो, "एक लाख वीस हजार अधिक नऊशे युरो". हे युरो कोणत्या भावाने?

चांगला प्रश्न, आणि बुकिंगच्या वेळी फार कमी लोक तो विचारतात. जाहिरातीत रुपयांचा आकडा ठळक असतो, युरोचा भाग पैसे भरण्याच्या दिवशी टूर कंपनीच्या स्वतःच्या दराने रुपयांत धरला जातो. हा दर घाऊक भावाच्या दोन रुपये वर असला तर नऊशे युरोवर १,८०० रुपये, चौघांचे ७,२००. एवढ्यासाठी आपण दुकानात पाच पैशांची घासाघीस करतो आणि इथे गप्प बसतो. "त्या दिवशीचा दर कुठून घेणार?" हे लेखी विचारा, आणि कोणत्या दिवशी भरायचे हे तुमच्या हातात असेल तर शनिवार-रविवार टाळा.

डॉलर वाढेल की पडेल? थांबावं का?

साठ दिवसांत काय होईल हे मलाही कळत नाही आणि काउंटरमागच्या मुलालाही नाही. धाकधूक वाटत असेल तर निम्मं आज आणि निम्मं निघण्याच्या आठवड्यात घ्या. त्याहून जास्त तुकडे करू नका, दर वेळी सर्व्हिस चार्ज आणि किमान ४५ रुपये जीएसटी लागतो. शेवटच्या दिवसापर्यंत मात्र थांबू नका, मे महिन्यात छोट्या नोटा आणि कमी खपाची चलनं संपतात.

एक जण बिल न देता रुपयाने स्वस्त देतोय. घेऊ?

नको. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचा भंग होतो आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, वरची आणि खालची नोट खरी आणि मध्ये कोऱ्या कागदाची गड्डी, हा प्रकार या गावाला नवा नाही, आणि बिलाशिवाय तक्रार कोणाकडे करणार? परत आल्यावर उरलेले डॉलर विकायलाही बिल उपयोगी पडतं.

उरलेलं चलन परत द्यावंच लागतं का?

नोटांमध्ये २,००० डॉलरपर्यंत ठेवता येतं. त्यावरचं परत आल्यापासून १८० दिवसांत विकायचं. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार असाल तर डॉलर-युरो ठेवून द्या. विकताना दुकानाचा खरेदीचा भाव लागतो आणि दोन्ही वेळा तोटा आपलाच. बाहत, व्हिएतनामचा डोंग, रुपिया मात्र शक्यतो तिथेच संपवा, ठाण्यात त्यांना भाव पडून मिळतो, डोंग तर बरेच जण घेतच नाहीत. फॉरेक्स कार्डातली उरलेली रक्कम विसरू नका, न वापरल्याचं शुल्क तिच्यातून हळूहळू कापलं जातं.

आणि नाणी?

ठेवायला मर्यादा नाही, पण नाणी कुठलाच चेंजर विकत घेत नाही. शेवटच्या दिवशी हॉटेलच्या बिलात नाहीतर विमानतळावरच्या कॉफीत ती संपवा. काउंटरवाल्याला आधी सगळी नाणी द्यायची आणि उरलेली रक्कम कार्डाने कापायला सांगायची, बहुतेक ठिकाणी ते करून देतात.